सलग चोवीस तास, आठ जण, एक मशीन: निधी उभारणाऱ्या नवख्या टीमसाठी मार्गदर्शक

१९८५ साली अमेरिकेतल्या टकोमा शहरात गॉर्डी क्लॅट नावाचे एक सर्जन विद्यापीठाच्या मैदानावर चोवीस तास फेऱ्या मारत राहिले. ८३ मैलांहून जास्त, म्हणजे साधारण १३४ किलोमीटर अंतर त्यांनी कापलं आणि कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेसाठी २७,००० डॉलर जमवले. या हकिकतीतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्यांच्या मित्रांनी प्रत्येकी २५ डॉलर देऊन अर्धा-अर्धा तास त्यांच्याबरोबर चालण्या-पळण्याची संधी घेतली होती. म्हणजे लोकांनी नुसत्या मोठ्या आकड्याला पैसे दिले नाहीत, त्या रात्रीतला एक छोटा तुकडा आपल्या नावावर केला. पुढच्याच वर्षी एकट्या माणसाच्या जागी टीम आल्या आणि त्यातूनच ‘रिले फॉर लाइफ’ हा उपक्रम उभा राहिला.

हा लेख अशा आव्हानाचा विचार करणाऱ्या, पण आधी कधीच असं काही न केलेल्या मंडळींसाठी आहे. आठ जणांची टीम, सलग चोवीस तास, आळीपाळीने एकच व्यायाम आणि त्यातून एखाद्या संस्थेसाठी निधी, असं त्याचं स्वरूप. उदाहरणासाठी मी रोइंग मशीन, म्हणजे बसून वल्हं मारल्यासारखं हँडल ओढायचं व्यायामयंत्र, घेतलं आहे. ते सभागृहात ठेवता येतं, ऊन-पावसाची चिंता राहत नाही, गुडघ्यांना धक्के बसत नाहीत आणि किती अंतर झालं ते समोर दिसत राहतं. जागच्या जागी चालवायची सायकल, ट्रेडमिल किंवा मैदानावरच्या फेऱ्या यांनाही बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका: नवख्या टीमने वेगाच्या मागे लागायचं नाही. चोवीस तास साखळी तुटली नाही की आव्हान पूर्ण झालं. पुढचे सगळे निर्णय याच कसोटीवर घ्यायचे आहेत.

आधी संस्था, मग तारीख

टीम जमवायच्या आधी पैसा कोणाला द्यायचा ते ठरवा. टीममधल्या निदान दोघा-तिघांचा त्या कामाशी खरा संबंध असेल अशी संस्था निवडा. कोणाच्या आजीची शेवटची काळजी त्यांनी घेतली असेल, कोणी तिथे रविवारी जाऊन शिकवत असेल. निधी मागताना ‘हीच संस्था का?’ हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं.

मग संस्थेला रीतसर कळवा. नोंदणी आहे का, देणगीची पावती कोण देणार, करसवलत मिळते का, त्यांचं नाव आणि बोधचिन्ह वापरायला परवानगी आहे का, हे लेखी घ्या. कराचे आणि निधी गोळा करण्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका, संस्थेच्या हिशेब पाहणाऱ्या माणसालाच विचारा. पैसे थेट संस्थेच्या खात्यात किंवा त्यांच्या अधिकृत देणगीपानावर जावेत. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात, दोन दिवसांसाठीसुद्धा, नकोत. मित्रामित्रांतल्या विश्वासाला तडा जाण्याची सुरुवात इथूनच होते.

तारीख निदान तीन-साडेतीन महिने पुढची धरा. व्यायामाला बारा आठवडे लागतात आणि निधीलाही जवळपास तेवढेच.

आठ जण, आणि आणखी चार

सहा जणांत प्रत्येकावर भार जास्त येतो, बारा जणांत वेळापत्रक सांभाळणं जिकिरीचं होतं. पहिल्या वेळी आठ हा आकडा सोयीचा. टीममध्ये सगळेच तंदुरुस्त असायची गरज नाही, पण शब्दाला जागणारे हवेत. सरावाला दोनदा दांडी मारणारा पहाटे चारलाही झोपून राहील, हे धरून चाला.

व्यायाम न करणारी चार माणसं याशिवाय हवीत. एक जण वेळ पाहील आणि नोंदवही भरेल. एक जण खाण्यापिण्याचं बघेल. एक जण पैशांचा हिशेब ठेवेल आणि देणगीदारांना उत्तरं देईल. चौथा माणूस प्रथमोपचाराचा, शक्यतो रीतसर प्रशिक्षण घेतलेला. ‘आम्हीच करू सगळं’ असं म्हणणाऱ्या टीमची दमछाक मशीनवर होत नाही, मशीनवरून उतरल्यावर होते, कारण विश्रांतीचा वेळ फोन आणि निरोपांत जातो.

प्रत्येकाने डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयाचा काही त्रास असणाऱ्यांनी, पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी तर नक्कीच. डॉक्टरांना ‘व्यायाम करू का?’ एवढंच विचारू नका. ‘चोवीस तासांत तुकड्या-तुकड्यांनी मिळून तीन तास रोइंग, तेही अर्धवट झोपेत’ असं नेमकं सांगा.

वेळेचं आव्हान घ्या, अंतराचं नको

अशी आव्हानं दोन प्रकारची असतात. एकात अंतर ठरलेलं असतं. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून सुरू झालेल्या ‘ट्रेलवॉकर’चं उदाहरण प्रसिद्ध आहे: चौघांची टीम, १०० किलोमीटरची मॅक्लेहोस पायवाट आणि ४८ तासांची मुदत. दुसऱ्या प्रकारात वेळ ठरलेली असते आणि होईल तेवढं अंतर होतं.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी दुसरा प्रकार घ्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्यामागे साधं गणित आहे. रोइंग मशीनवर वेग ‘५०० मीटरला किती वेळ’ असा मोजतात. ५०० मीटरला अडीच मिनिटं हा गडबड न करता टिकवण्याजोगा वेग आहे. म्हणजे ताशी १२ किलोमीटर, चोवीस तासांत २८८. आता कोणी म्हणालं की अडीचऐवजी दोन मिनिटांवर आणू या, तर वेग वाढतो २५ टक्के, पण लागणारी ताकद १०४ वॉटवरून २०३ वॉटवर जाते, जवळपास दुप्पट. या मशीनमध्ये ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. थोडा वेग वाढवायची किंमत शरीर फार मोठी मोजतं, आणि ती किंमत वसूल होते रात्री तीन वाजता.

अंतराचा आकडा जाहीर केला की टीम नेमकी या सापळ्यात अडकते. मागे पडलो असं वाटलं की तगडे दोघे जोर लावतात, बाकीचे त्यांच्या तोडीस तोड जायला बघतात आणि सहाव्या तासाला कोणाची तरी कंबर धरते. अंतर मोजा, फळ्यावर लिहा, पण त्याचं वचन देऊ नका.

पाळ्या कशा लावायच्या

सगळ्या तयारीत जास्तीत जास्त डोकं इथे चालवा. चांगल्या वेळापत्रकाने साधी माणसंही चोवीस तास सहज काढतात.

आठ जणांच्या चौघा-चौघांच्या दोन तुकड्या करा, अ आणि ब. दुपारी बाराला सुरुवात होते असं धरू. बारा ते चार अ, चार ते आठ ब. रात्री आठ ते एक अ, एक ते सहा ब. सकाळी सहा ते नऊ अ, नऊ ते बारा ब. दोन्ही तुकड्यांच्या वाट्याला बारा-बारा तास येतात आणि रात्री प्रत्येकाला सलग पाच तास मोकळे मिळतात. चार-चार तासांच्या सरळ पाळ्या दिसायला नीटनेटक्या वाटतात, पण उतरणं, खाणं, अंग पुसणं यात तास जातो आणि झोप जेमतेम अडीच तासांची उरते. पाच तासांचा रात्रीचा खंड त्यासाठीच. ज्यांना एरवी लवकर झोप लागते त्यांना ब तुकडीत घाला. आठ ते एक झोपणं त्यांनाच जमतं.

तुकडीच्या आत प्रत्येकाने पंधरा मिनिटं चालवायचं, पंचेचाळीस मिनिटं थांबायचं. दिवसभरात प्रत्येकाचे तीन तास भरतात. अर्ध्या तासाच्या पाळ्या नवख्यांना जड जातात, पाच मिनिटांच्या पाळ्यांत कोणालाच निवांतपणा मिळत नाही.

आता अदलाबदलीकडे बघा. पंधरा मिनिटांच्या हिशेबाने चोवीस तासांत ९६ पाळ्या होतात. दर बदलाला तीस सेकंद गेली तर मिळून ४८ मिनिटं, म्हणजे साडेनऊ किलोमीटरहून जास्त अंतर, नुसत्या चढण्या-उतरण्यात जातं. दहा सेकंदांत जमवलं तर १६ मिनिटं. त्यामुळे अदलाबदलीचा सराव वेगळा करा. पुढचा माणूस दोन मिनिटं आधी मशीनच्या डाव्या बाजूला उभा. वेळ पाहणारा ‘शेवटचे दहा’ म्हणतो. चालवणारा शेवटचा ओढा घेऊन हँडल जागेवर सोडतो, पायांचे दोन्ही पट्टे ओढून सैल करतो आणि उजवीकडून उतरतो. चढणारा आधी पाय अडकवतो, मग हँडल उचलतो. पाय टेकवायच्या पाट्यांची उंची सर्वांसाठी एकच ठेवता आली तर उत्तम, नाहीतर सारख्या मापाची माणसं एकामागोमाग लावा. दोन मशीन मिळाली तर हा प्रश्नच मिटतो: पहिला थांबायच्या आधीच दुसरा सुरू झालेला असतो.

पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. या दोन तासांत पंधरा मिनिटांची पाळी दोघांनी वाटून घेतली तरी चालेल. दिवे लख्ख ठेवा. मशीनवर कोणीही एकटं असता कामा नये. चालवणारा आणि त्याच्याकडे बघणारा, असे दोघे पूर्ण जागे हवेतच.

बारा आठवड्यांचा सराव

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १५० च्या आसपासही नसाल तर आधी नुसतं भरभर चालून तिथवर या, मग मशीनला हात लावा.

पहिले तीन आठवडे फक्त तंत्र. ओढताना आधी पाय रेटायचे, मग कंबरेतून मागे जायचं, मग हात छातीखाली आणायचे. परतताना उलट क्रम: हात, कंबर, पाय. परतीचा प्रवास सावकाश, ओढण्याच्या दुप्पट वेळ घेऊन. मिनिटाला १८ ते २२ ओढे पुरेत. हवेवर चालणाऱ्या मशीनच्या बाजूला एक ते दहा आकड्यांचा खटका असतो. दहावर ठेवला की जास्त व्यायाम होतो असा समज आहे, तो काढून टाका. खटक्याने फक्त चक्रात किती हवा जाते ते ठरतं, जोर तुमच्या पायांतूनच यायचा असतो. तीन ते पाचच्या मध्ये ठेवा. दहावर ठेवून तासभर ओढणाऱ्याची कंबर दुसऱ्या दिवशी त्याला सांगेलच.

आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा गतीने. धाप लागून वाक्य तुटलं की वेग कमी करा.

चौथ्या ते आठव्या आठवड्यात आव्हानाच्या लयीतच सराव करा: पंधरा मिनिटं चालवणं, पंचेचाळीस मिनिटं बसणं, पुन्हा पंधरा. आठवड्यातून एकदा असे तीन-चार फेरे. खरी परीक्षा पाऊण तास बसून आखडलेल्या मांड्यांनी पुन्हा मशीनवर चढण्यात असते आणि सलग तासभर सराव केल्याने ती सवय होत नाही. जोडीला आठवड्यातून दोनदा उठाबशा, प्लँक आणि पाठीचे साधे व्यायाम.

नवव्या-दहाव्या आठवड्यात एका रात्री, बारा ते चार, आपापल्या तुकडीने पूर्ण रंगीत तालीम करावी. दिवे, खाणं, नोंदवही, अदलाबदल, सगळं खऱ्यासारखं. कोणाला पहाटे मळमळतं, कोणाच्या हाताला कुठे फोड येतात, कोणाला बसायला गादी लागते, हे इथेच कळतं. हँडल घट्ट आवळणाऱ्यांना बोटांच्या मुळाशी फोड हमखास येतात. पकड बोटांनी अडकवल्यासारखी सैल हवी, नखं कापलेली हवीत आणि लालसर दिसायला लागल्याबरोबर त्या जागी टेप लावायची.

शेवटचे दहा दिवस सराव निम्म्यावर आणा आणि झोप वाढवा. राहिलेला सराव भरून काढायची ही वेळ नाही.

निधी: ९६ चौकटींचा फळा

शरीराची तयारी जोरात आणि पैशाची चालढकल, असं बहुतेक नवख्या टीमचं होतं. त्यामागे आळस कमी आणि संकोच जास्त असतो. मागायचं कसं, हा प्रश्न असतो. म्हणून मागणं सोपं होईल अशी रचना करा.

एक मोठा फळा घ्या आणि त्यावर ९६ चौकटी आखा, प्रत्येक चौकट पंधरा मिनिटांची. वर वेळ, खाली चालवणाऱ्याचं नाव आणि त्याखाली रिकामी ओळ देणगीदारासाठी. तुमच्या लक्ष्याला ९६ ने भागा, ती एका चौकटीची रक्कम. आता तुम्हाला कोणाकडे अवघडून मदत मागायची नाही, एक नेमकी वेळ द्यायची आहे. क्लॅट यांच्या मित्रांनी अर्धा-अर्धा तास घेतला होता, इथे लोक पाव-पाव तास घेतील. एका चौकटीची रक्कम जड वाटत असेल तर दोघा-तिघांनी मिळून घ्यावी. ओळीत तिन्ही नावं मावतात.

पहिल्या आठ चौकटी टीमने स्वतः घ्याव्यात, जाहीर करण्याआधीच. कोरा फळा बघून कोणाचा हात खिशात जात नाही. मग घरचे आणि जवळचे मित्र, मग सहकारी, आणि सगळ्यात शेवटी समाजमाध्यमांवरचं आवाहन. हा क्रम उलटा करू नका. सर्वांना उद्देशून टाकलेली पोस्ट कोणालाच आपल्यासाठी वाटत नाही. एकेकाला वेगळा निरोप लिहायला वेळ लागतो, पण निधी त्यानेच येतो. असा काहीसा:

‘काका, येत्या शनिवारी दुपारी बारापासून रविवारी दुपारी बारापर्यंत आम्ही आठ जण न थांबता रोइंग करणार आहोत. जमणारे सगळे पैसे घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला जातील. माझी एक पाळी पहाटे तीनची आहे. ती तुमच्या नावावर करू का? जमेल तेवढंच द्या, नाही जमलं तरी मनाला लावून घेऊ नका. देणगीची लिंक खाली दिली आहे, पावती संस्थाच पाठवेल.’

लहान रक्कम मागायला लाजू नका. १९८० साली टेरी फॉक्स हा तरुण कर्करोगामुळे एक पाय गमावलेला असताना कृत्रिम पायाने कॅनडा ओलांडायला निघाला, तेव्हा त्याने प्रत्येक देशबांधवाकडे एक डॉलर मागितला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाल्यावर आजार फुप्फुसात पसरला आणि त्याला थांबावं लागलं. तरी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेला, म्हणजे कॅनडाच्या त्या वेळच्या लोकसंख्येइतका. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या कॅप्टन टॉम मूर यांनी शंभराव्या वाढदिवसाआधी आपल्या बागेत वॉकरच्या आधाराने शंभर फेऱ्या मारायचं ठरवलं, तेव्हा त्यांचं लक्ष्य एक हजार पौंडांचं होतं. जमले तीन कोटींहून जास्त. एकाचं अंतर अपुरं राहिलं, दुसऱ्याचं अंतर मोजायला गेलं तर अगदी थोडं होतं. लोकांनी माणसाकडे आणि कारणाकडे बघून दिलं. तुमच्या टीममधला सगळ्यात हळू चालवणारा सदस्य म्हणूनच निधीसाठी कमकुवत दुवा नाही. कित्येकदा सर्वांत जास्त चौकटी त्याच्याच भरतात.

‘दर किलोमीटरला अमुक’ अशी देणगी शक्यतो टाळा. ती नंतर वसूल करावी लागते, लोक विसरतात, आणि टीमला नकळत वेगाच्या मागे लावते. ठरलेली रक्कम आधी घ्या आणि आव्हान मध्येच थांबलं तरी पैसे संस्थेकडेच जातील हे निरोपातच सांगा.

काही कंपन्या कर्मचाऱ्यांनी जमवलेल्या निधीत तेवढीच भर घालतात. टीममधल्या प्रत्येकाने आपल्या ऑफिसात हे विचारावं, आणि तेही आधी, कारण त्यांची मंजुरी यायला वेळ लागतो. ऑनलाइन देणगीपान निवडताना ते किती टक्के कापून घेतात ते बघा. जागेचं भाडं, मशीन, खाणं यांचा खर्च टीमने पदरमोड करून किंवा वेगळा प्रायोजक गाठून भागवावा, देणगीतून एक पैसाही नको. तसं करणारच असाल तर आधी उघडपणे लिहा. त्या दिवशी डब्यात आलेली रोख रक्कम दोघांनी मिळून मोजायची आणि तिथल्या तिथे लिहून दोघांनी सही करायची.

खाणं आणि पाणी

पंधरा मिनिटं काम आणि पाऊण तास विश्रांती या लयीत तुम्हाला मॅरेथॉन धावणाऱ्याइतकं खायची गरज नाही. सलग लांब व्यायामात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असा सर्वसाधारण सल्ला असतो. इथे त्याच्या खालच्या टोकाला राहिलात तरी भागेल. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. केळी, ब्रेड, उकडलेले बटाटे, भात असं साधं, सवयीचं, कमी तेलाचं अन्न ठेवा. उतरल्यावर दहा मिनिटांत थोडं खा, चढायच्या आधीच्या वीस मिनिटांत काही नको. त्या दिवशी कोणताही नवा पदार्थ, नवी पावडर, नवं पेय नको.

पाणी तहानेप्रमाणे. ‘भरपूर प्या’ हा सल्ला अंगाशी येऊ शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं आणि त्याचं मोठं कारण गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं हे होतं. डोकं दुखतंय, मळमळतंय, हाताची बोटं सुजल्यासारखी वाटताहेत आणि माणूस पाणी पीतच चाललाय, असं दिसलं तर बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना गाठा.

चहा-कॉफी चालेल, पण तिचा अंमल कित्येक तास टिकतो. झोपायच्या पाळीआधीच्या पाच-सहा तासांत घेऊ नका.

त्या दिवशी

जागा हवेशीर हवी आणि प्रत्येक मशीनसमोर पंखा हवा. जागच्या जागी व्यायाम करताना अंगावर वारा येत नाही, घाम वाळत नाही आणि अंग झपाट्याने तापतं. झोपण्याची खोली वेगळी, अंधारी आणि शांत. स्वच्छतागृह जवळ. जवळचं रुग्णालय कुठे, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हृदयाला झटका देऊन चालू करणारं यंत्र इमारतीत कुठे टांगलंय, हे कागदावर लिहून भिंतीला लावा. रात्रभर इमारत उघडी ठेवायची परवानगी आणि विमा या दोन्ही गोष्टी महिनाभर आधी निकाली काढा.

दर तासाला मशीनच्या पडद्याचा फोटो काढा आणि आकडा नोंदवहीत उतरवा. पहाटे वीज गेली किंवा कोणाचं चुकून बटण दाबलं गेलं तरी नोंद शाबूत राहते. प्रत्येक चौकट पुरी झाली की फळ्यावर ठळक खूण करा आणि त्या देणगीदाराला तेव्हाच एका ओळीचा निरोप धाडा: ‘तुमची पंधरा मिनिटं पूर्ण झाली.’ पहाटे तीनला पाठवलेला हा निरोप लोक सकाळी उठून वाचतात आणि दुसऱ्यांना दाखवतात. उरलेल्या चौकटी बऱ्याचदा रविवारी सकाळीच भरतात.

थांबवण्याचा अधिकार प्रथमोपचार पाहणाऱ्या माणसाचा, टीमच्या कॅप्टनचा नाही. छातीत दुखणं, चक्कर, श्वास घेताना न थांबणारी धाप, असंबद्ध बोलणं, यांपैकी काहीही दिसलं की ती व्यक्ती उतरणार, वाद नाही. गोंधळलेलं बोलणं आणि तापलेलं अंग एकत्र दिसलं तर उष्माघात समजून आधी अंग गार पाण्याने थंड करायला लागा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. यासाठी आठही जणांनी आधीच कबूल केलेलं असावं की एक जण कमी झाला तर त्याच्या पाळ्या कोणी आणि कशा वाटून घ्यायच्या. सात जणांचं पर्यायी वेळापत्रक छापूनच ठेवा. म्हणजे उतरणाऱ्याला आपल्यामुळे सगळं फसलं असं वाटत नाही आणि दुखणं लपवून कोणी चालवत राहत नाही.

संपल्यानंतर

बारा वाजले की टीमपैकी कोणीही गाडी चालवून घरी जायचं नाही. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा सावधपणा रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा होतो, २४ तासांनंतर तर ०.१० टक्के. घरी सोडणारी झोप झालेली माणसं आधीच ठरवून ठेवा.

दोन-तीन दिवस अंग दुखणं साहजिक आहे. पण लघवी गडद तपकिरी रंगाची झाली, स्नायू सुजले किंवा हात-पाय हलवणंही असह्य झालं तर तडक रुग्णालयात जा. अतिश्रमाने स्नायूंचे तंतू तुटतात, त्यांतलं प्रथिन रक्तातून मूत्रपिंडांवर येऊन त्यांना इजा करतं. असं क्वचित होतं, पण आठही जणांना ही खूण माहीत हवी. म्हणून आठवडाभर रोज एकमेकांना फोन करा.

देणगीदारांना चार दिवसांच्या आत कळवा: एकूण किती जमले, देणगीपानाने किती कापले, संस्थेच्या खात्यात किती पोचले. सोबत पूर्ण भरलेल्या फळ्याचा फोटो जोडा, मात्र ज्यांनी नाव न टाकायला सांगितलं त्यांची ओळ आधी झाका. ऑफिसची भर नंतर आली तर पुन्हा कळवा. संस्थेकडून त्या पैशातून काय झालं याचा मजकूर तीन-चार महिन्यांनी मागून घ्या आणि तोही त्याच सर्वांना पाठवा. पुढच्या वेळी याच लोकांकडे जायचं आहे.

नोंदवही टाकून देऊ नका. कोणत्या तासाला वेग घसरला, कुठे अदलाबदल रेंगाळली, काय खाणं उरलं, कोणत्या चौकटी शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या, हे सगळं तिच्यात असतं. सर्वांची झोप भरून निघाली की तासभर एकत्र बसून ते वाचा आणि बदल तिच्याच शेवटच्या पानावर लिहून ठेवा.